पिशवी काढण्याआधी विचारायचे चार प्रश्न

(खामगाव येथे महासंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण लिहिलं होतं, "दवाखाना". विचारल्यावर कळलं, पिशवीचं ऑपरेशन. ताई पंचेचाळिशीच्या. सोनोग्राफीत गाठ निघाली, अस्तर जाड निघालं. "आता पिशवीचं काम तरी काय राह्यलं? काढून टाकतो," त्या म्हणाल्या. गटाने पाच मिनिटांत ठराव मंजूर केला. रिपोर्ट कुणीच पाहिला नाही. मीसुद्धा नाही. परत येताना ते टोचत राहिलं, म्हणून आज हा विषय घेतला.

एक काकू म्हणाल्याच, "पोरी, तुहं लगन झालं नाही, तुले काय समजते?" बरोबर आहे. म्हणून मी स्त्रीरोग डॉक्टरांना विचारून आणि वाचून आले.

आधी अस्तर म्हणजे काय ते पाहू. पिशवीला आतून एक मऊ थर असतो. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तो थर वाढवतं. मग अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन येतं, ते थर आवरून धरतं. ते कमी झालं की थर गळून पडतो, ती आपली पाळी. चाळिशीनंतर काही महिने अंडं सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, नुसता थर वाढत जातो. सारवणावर सारवण चढवत गेलं तर पोपडे कसे निघतात, तसं होतं. दोन महिने पाळी नाही, आणि मग पंधरा दिवस अंगावर जातं.

त्यात गाठी असतील तर रक्त अजून वाढू शकतं. या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, पिशवीच्या स्नायूच्या असतात. त्या कॅन्सरच्या असणं फार क्वचित. त्यांना खाद्य इस्ट्रोजेनचं, म्हणून पाळी कायमची गेल्यावर त्या बहुतेक वेळा आक्रसतात.

आता हार्मोनच्या गोळ्यांचं. डॉक्टर प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी देतात ती वाढलेला थर आवरायला. ठरावीक दिवसांचा कोर्स संपला की काही दिवसांत पाळी येते, कधी जोरात येते. आपण म्हणतो, "गोळी लागू पडली नाही." खरं तर साचलेला थर बाहेर पडत असतो. पण तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. दुसरा उपाय हार्मोनच्या तांबीचा. ती पिशवीत बसवतात, काही वर्षं चालते. सुरुवातीचे काही महिने थोडंथोडं डागतं. गाठीने पिशवीचा आतला आकार बिघडला असेल तर ती बसेलच असं नाही.

बीपी, काविळ, पायात रक्ताची गुठळी किंवा स्तनाचा कॅन्सर कधी झाला असेल तर गोळी घेण्याआधी सांगा. पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, त्यावर इस्ट्रोजेन देतात. पण पिशवी असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घ्यायचं नाही, त्याने अस्तर वाढून कॅन्सरचा धोका होतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. आणि महालक्ष्म्यांसाठी, वारीसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणता ना, तीही हार्मोनचीच आहे.

हे सगळं का सांगते? 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय चाळिशीच्या आत. 2022 मध्ये केंद्र सरकारने गरज नसताना पिशवी काढू नये म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. म्हणजे प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे.

हे चार प्रश्न वहीत लिहून घ्या.

एक, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली? पाळी संपल्यावर अस्तर 4–5 मिलिमीटर असतं, तेच पुढच्या पाळीआधी 12–14 झालं तरी चालतं. नुसत्या आकड्याला घाबरू नका. पण पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग जरी दिसला, तर तपासणी करायचीच.

दोन, अस्तराचा तुकडा तपासला का? पंचेचाळिशीनंतर असं रक्त जात असेल तर ही तपासणी महत्त्वाची. त्याशिवाय "कॅन्सर होईल" म्हणणं म्हणजे अंदाज. अस्तराची साधी वाढ बऱ्याचदा हार्मोनने पूर्ववत होते. पेशी बदललेल्या निघाल्या तर मात्र ऑपरेशन लागू शकतं.

तीन, गाठ कुठे, केवढी, आणि औषधाने भागेल का? बाहेरच्या बाजूची गाठ कधी काही त्रासच देत नाही. सोबत हिमोग्लोबिन विचारा. 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे.

चार, अंडाशय ठेवणार का? तीही काढली तर वाफा एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. औषधाने थांबत नाही, गाठ फार मोठी आहे, तपासणीत कॅन्सर निघाला, तर ते करावंच लागतं. तातडीचं असेल तर गटाने कर्ज एक दिवसही अडवू नये. एरवी ठराव लिहिण्याआधी ताईजवळ बसून हे चार प्रश्न वाचा. तिने रिपोर्ट दाखवलाच पाहिजे असं नाही, तिची खाजगी गोष्ट आहे. उत्तरं तिला माहीत असली म्हणजे झालं.

त्या ताईंकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पैसे उचलले नव्हते. आम्ही दोघी खामगावच्या सरकारी दवाखान्यात गेलो, अस्तराचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट यायचा आहे. ऑपरेशन लागलंच तर कर्ज मंजूर आहेच, आणि सोबत जायला या वेळी गटातल्या दोघींनी नावं दिली आहेत.