टेकडीवरची छत्री आणि 53 नावं

आज इंग्लंडमधल्या एका छत्रीची गोष्ट. पावसातली नाही हं, समाधीवर बांधतात ती.

ब्रायटन हे समुद्रकाठचं शहर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या आपल्या जवानांना इथे आणायचे. एका राजवाड्याचंच इस्पितळ केलं होतं. शहरात वारलेल्यांपैकी 53 हिंदू आणि शीख जवानांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. मुसलमान जवानांचं दफन वोकिंगला झालं. दहनाच्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली आणि 1921 मध्ये तिचं थाटात उद्घाटन झालं.

पुढे? दुसऱ्या महायुद्धात टेकडी सैन्याच्या ताब्यात गेली, छत्रीवर गोळ्या लागल्या. 1951 पासून तिथली माजी सैनिकांची संघटना दरवर्षी मानवंदना द्यायची, तीही 1999 मध्ये थांबली. मग स्थानिक मंडळींनीच ते काम अंगावर घेतलं. आजही दर जूनमध्ये लोक टेकडी चढून जातात. गाडी वरपर्यंत जात नाही, चालावंच लागतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या छत्रीवर एकाही जवानाचं नाव नव्हतं. 53 नावं शेजारच्या दगडावर कोरली गेली ती 2010 मध्ये. म्हणजे 89 वर्षांनी!

स्मारकाचा विषय काढला की हमखास कोणीतरी विचारतं, "इंग्रजांसाठी लढले ना ते? मग आपण का वर्गणी द्यायची?" प्रश्न रास्त आहे, टाळू नका. कोणी पगारासाठी गेला, कोणी पेन्शनसाठी, कोणी घरी खाणारी तोंडं जास्त म्हणून. साम्राज्याने तरी त्यांची आठवण नीट ठेवली का? युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने 2021 मध्ये स्वतःच कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या 45 ते 54 हजार मृतांना बरोबरीचा मान मिळाला नाही. त्यात बरेच भारतीय होते. आपण स्मारक करायचं ते राणीराजासाठी नाही, या माणसांसाठी.

म्हणून माझं मत, पावतीपुस्तक आधी छापू नका. आधी नावं गोळा करा. 'शूर जवानांसाठी मदत करा' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि निघून जातात. 'तुमच्या आळीतल्या अमक्याचे पणजोबा' म्हटलं की खुर्ची ओढून बसतात. साताऱ्याजवळचं अपशिंगे बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले. तिथे वेगळं पटवून द्यायची गरजच काय?

आता फोन हातात आहेच, तर त्या कमिशनची वेबसाइट उघडा. शोध फुकट आहे. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही मिळतं. फक्त स्पेलिंग इंग्रज कारकुनाचं, त्यामुळे आडनाव चार प्रकारे टाईप करून बघा. आणि आजीला विचारा, ट्रंकेत एखादं पदक, पेन्शनचा कागद आहे का.

सापडलं तर नाव आणि गाव आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ती नावं मी वाचणार आहे.