जुन्या काचेंतला नवा समुद्र

(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईच्या माणसाला समुद्राचें नवल नसतें, असें म्हणतात. परंतु १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यानें लहानपणीं वडिलांचें बोट धरून पाहिलें, त्याच्या मनांत आपल्याही घरीं एक चिमुकला समुद्र असावा, ही हौस कोठें तरी दडून असते. माझ्या मनांत ती पुष्कळ वर्षें होती. ती पुरी करावयास निघालों तेव्हां नव्या सामानाच्या किंमती ऐकून दुकानाच्या पायरीवरूनच परतलों. पुढें एका गृहस्थांचें बिऱ्हाड परगांवीं हलत होतें. त्यांच्याकडून टाकी, लोखंडी स्टँड, पंप, फेस काढणारें स्किमर, दिवे, वाळू आणि खडक असा सारा संसार मीं निम्म्याहून कमी पैशांत उचलला. त्या सौद्यानें मला काय शिकविलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम वजनाचा हिशेब. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तींत सुमारें १८० लिटर पाणी राहतें. काच, खडक आणि वाळू धरून हें ओझें अडीचशें किलोच्या घरांत जातें. तेव्हां गंजलेल्या स्टँडवर भरंवसा ठेवूं नये. जुनी टाकी गोड्या पाण्यानें भरून आठवडाभर गॅलरींत ठेवावी आणि खालीं वर्तमानपत्र अंथरावें. काचेच्या जोडांतलें सिलिकॉन कोठें सुटलें असेल, तर कागदावरचा ओला डाग तें सांगतो.

जुनें काय घ्यावें आणि काय घेऊं नये? काच, स्किमर, पंप हीं खुशाल घ्यावीं. त्यांवर चुन्याचें पांढरें कवच बसलेलें असतें. व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यांत रात्रभर ठेवल्यास तें विरघळतें. मात्र नंतर भांडीं गोड्या पाण्यानें पुन्हां पुन्हां धुवावीं. जुन्या दिव्यांच्या नळ्या घेऊं नयेत. त्यांचा प्रकाश मंद होतो आणि रंगही पालटतो. जुनी वायर तर मुळींच नको. खारें पाणी आणि विजेचा प्रवाह यांचें वैर फार वाईट. वायरमनला बोलावून ईएलसीबी बसवून घ्यावें आणि प्रत्येक वायर सॉकेटाच्या खालीं थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारा थेंब सॉकेटांत न शिरतां खालीं गळून पडतो.

आमच्या हवेंत पाणी तापविण्यापेक्षां निवविण्याचीच चिंता अधिक. या जीवांना २५ ते २६ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. वैशाखांत टाकींतलें पाणी सहज तिशीपार जातें. पृष्ठभागावर दोन लहान पंखे सोडले कीं बाष्पीभवनानें तें कांहींसें उतरतें. पण पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, तेंच प्रमाण राखावें. शहराच्या किनाऱ्यावरचें मैलामिश्रित पाणी मात्र आणूं नये. तयार सागरी मीठ शुद्ध पाण्यांत विरघळविणें बरें.

एवढें सारें मीं केलें. पाणी स्थिर झालें, क्षार बरोबर आले, आणि मीं सहा शंख टाकींत सोडले. तिसऱ्या दिवशीं सहाही वाळूवर उताणे पडले होते. माझ्या मुलीनें विचारलें, “बाबा, ते कशानें मेले?” मला उत्तर देतां येईना. अमोनिया तपासला, तो नव्हता. अखेर त्या गृहस्थांना दूरध्वनि केला. ते सहज म्हणाले, “आमच्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येत, म्हणून तांब्याचें औषध घालीत असूं. आपण विचारलें नाहींत!”

चूक त्यांची नव्हती. माशांना जें तांबें औषध, तेंच शंख, खेकडे आणि प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणांतही विष. चुनखडीचे खडक व वाळू तें शोषून घेतात आणि महिनोन्महिने पाण्यांत सोडीत राहतात. मीं खडक आणि वाळू टाकून दिली, काच धुतली, पाणी भरून तांब्याची तपासणी केली, आणि प्रारंभापासून सुरुवात केली.

या दुसऱ्या खेपेस मला कळलें कीं, समुद्र घडवितात ते डोळ्यांना न दिसणारे जीवाणु. माशांच्या मळापासून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट. पहिले दोन्ही घातक, तिसरें बरेंचसें सुसह्य. ली चिन एंग या जाकार्ताच्या हौशी गृहस्थानें जिवंत खडकाच्या आणि हवेच्या बुडबुड्यांच्या बळावर टाकी निरोगी ठेवण्याची रीत १९६१ सालीं लिहून प्रसिद्ध केली. तिचें मर्म हेंच. ज्याच्या टाकींत कधींही औषध पडलें नव्हतें, अशा मित्राकडून मीं फिल्टरचा मळका स्पंज मागून आणला. दुधाला विरजण लावावें तसा तो लावला. उसना आणावयाचा जिन्नस असेल तर तो हाच! मग रोज चिमूटभर खाद्य घालून पांच आठवडे रिकाम्या टाकीकडे पाहत बसलों. शेजारी हंसत. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढलें, उतरलें.

एक गोष्ट निक्षून सांगतों. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचें संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर उचललेला किंवा जुन्या टाकीबरोबर फुकट आलेला तुकडाही घरीं ठेवूं नये. माझा खडक म्हणून साधा, कोरडा, भाजलेल्या मातीचा आहे. विदूषक मासे मात्र पैदास केलेले मिळतात. त्यांची पैदास आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें करून दाखविली आहे. त्यांतली एक जोडी सहाव्या आठवड्यांत घरीं आली. त्यानंतर पंधरा दिवसांनीं सहा नवे शंख आले. ते आज काचेवर शेवाळ खरवडीत फिरत आहेत.

श्रोतेहो, जुनी टाकी घ्यावयास जाल तेव्हां किंमत मागाहून विचारा. आधीं हें विचारा: या पाण्यांत कोण राहत होतें, त्याला कोणता आजार झाला, आणि त्यावर काय औषध दिलें? मीं तो प्रश्न विचारला असता तर सहा जीव वांचले असते.