कोंबडी कोणाची?

परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी हें गांव नृसिंहाच्या देवस्थानामुळें अनेकांस ठाऊक असेल. तिकडच्या एखाद्या शेतकऱ्यानें कर्ज काढून कोंबड्यांची शेड बांधली, तर आंतले पक्षी त्याचेच असतील असें धरून चालूं नये. कराराच्या पद्धतींत पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीचें जागरण शेतकऱ्याचें. सुमारें ४० दिवसांनीं कंपनीची गाडी पक्षी घेऊन जाते व शेतकऱ्यास वजनावर पालनमजुरी मिळते.

अंड्यापासून मांसापर्यंत साऱ्या पायऱ्या एका हातीं आणण्याची ही युक्ति आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं स्थापिलेल्या वेंकटेश्वरा समूहानें पुण्याहून असाच पसारा मांडला : पक्ष्यांची पैदास, उबवणी, खाद्य, लसी व मांसप्रक्रिया. त्यांतील काटकसर खरी आहे. अंडें २१ दिवसांत फुटतें. त्या दिवशीं शेड रिकामी नसेल, तर पिलूं कोणासाठीं थांबत नाहीं. धनी एकच असला म्हणजे हें वेळापत्रक जुळतें आणि मधल्या अडत्यांचा नफाहि वांचतो. खर्चाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग खाद्याचा. मराठवाड्यांत पिकणाऱ्या सोयाबीनचें तेल काढल्यावर उरणारी पेंड ह्याच खाद्यांत जाते. सोयाबीन विकणारा आणि पेंड चारणारा हे सख्खे शेजारी असूं शकतात. भाव मात्र दोघांच्याहि हातीं नाहीं!

२०२० च्या आरंभीं कोंबडीच्या मांसानें कोरोना होतो अशी आवई उठली व भाव कोसळले. स्वतःचे पक्षी पाळणारे त्यांत होरपळले. करारानें पाळणाऱ्यावर पक्ष्यांच्या किंमतीचा तोटा येत नाहीं, हा ह्या पद्धतीचा मोठाच गुण होय. परंतु पुढचीं पिलें येण्यास विलंब झाला, तर रिकाम्या शेडचें व्याज त्याच्याच माथीं.

जानेवारी २०२१ मध्यें परभणी तालुक्यांतील मुरुंबा गांवीं शेंकडों कोंबड्या बर्ड फ्ल्यूनें मेल्या व भोंवतालचे पक्षी नष्ट करावे लागले. अशा प्रसंगीं सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांच्या संख्येवर मोजतात. करारांतील पक्षी असतील, तर ती मालकाची कीं राबणाऱ्याची?

मजुरीचा हिशेब तर अधिकच नाजूक. किलोभर वजनास खाद्य किती लागलें, ह्यावर ती कमीअधिक होते. पिलें अशक्त निघालीं किंवा खाद्य हलकें आलें, तरी घसरतो तो शेतकऱ्याचा आंकडा. आणि ह्यांपैकीं एकहि वस्तु त्यानें निवडलेली नसते. म्हणून करारनामा मराठींत असावा, वजन त्याच्या डोळ्यांदेखत व्हावें, आणि दोन तुकड्यांमध्यें शेड अधिकांत अधिक किती दिवस रिकामी राहील, तें सहीपूर्वींच लिहून घ्यावें.