फिट आणि गोळी

आज थोडं घरचं सांगतो. धाकट्या भावाला फिट यायची. लोक नाकाशी कांदा धरायचे. गोळ्यांनी फिट थांबली, तेव्हा 'बरा झाला' म्हणून मीच गोळ्या बंद करवल्या. पंधरवड्यात विहिरीच्या काठावरच फिट आली. गड्यानं धरलं म्हणून वाचला.

मुंबईत डॉ. भरुचा व सहकाऱ्यांनी पारशी समाजाची पाहणी करून १९८८ साली ती प्रसिद्ध केली. १४,०१० जणांत ६६ जणांना फेफरं, म्हणजे हजारी पाचाच्या आसपास. कुंडलात काय वेगळं असणार? लग्न जमवताना लपवतात, एवढंच. कर्नाटकात येळंदूरला डॉ. मणींनी फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन या जुन्या, स्वस्त गोळ्या खेड्यात देऊन पाहिल्या. २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. नेमानं घेणाऱ्या बऱ्याच जणांना गुण आला.

भाऊ आता सत्तरीचा. रात्रीची गोळी घेतली का, हे मी अजून फोनवर विचारतो.