सर्व्हर सुरू होत नाहीं तेव्हां



आजचा विषय ऐकून कांहीं जण रेडिओ बंद करावयास उठतील, अशी मला भीति आहे. तरीपण आपल्या पेढ्या, दवाखाने, वाचनालयें हीं सारीं आतां ज्याच्यावर विसंबून आहेत, तो सर्व्हर एखाद्या सकाळीं उठेनासा झाला तर काय करावें, हें घरच्या माणसासही ठाऊक असावें असें मला वाटतें.

सर्व्हर म्हणजे शब्दशः वाढपी; मागणी आली कीं आंतून हवें तें आणून देणारा प्रोग्रॅम. निवृत्तीनंतर मी ज्या वाचनालयांत बसतों, तेथें ग्रंथांची यादी, सभासद आणि त्यांच्या अनामती हें सर्व ‘पोस्टग्रेस’ नांवाचा सर्व्हर सांभाळतो. याचा उगम १९८६ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत झाला. आज तो जगभर विनामूल्य वापरला जातो. आमचीं जुनीं कार्डें संगणकांत उतरवावयास स्वयंसेवकांस तीन वर्षें लागलीं, आणि तें काम संपतांच कार्डें रद्दींत गेलीं. हा निर्णय मला तेव्हांही पटला नव्हता, असो.

कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एके दिवशीं हा सर्व्हर सुरू होईना. पडद्यावर एवढेंच कीं, प्रयत्न अयशस्वी. अशा वेळीं मनुष्य दोहोंपैकीं एक करतो: तेंच बटण पुनःपुन्हां दाबतो, नाहीं तर सगळा प्रोग्रॅम काढून नव्यानें बसवावयास निघतो. कारण मात्र कशानेंच कळत नाहीं. वस्तुतः सर्व्हरनें तें बहुधा लिहून ठेविलेलें असतें. त्याची एक दैनंदिनी असते. तिला लॉग म्हणतात. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा तिच्या शेवटच्या दहाएक ओळी दाखविते. पण शेवटच्या ओळी पुष्कळदां परिणामांच्या असतात. ‘जर्नलसीटीएल’नें सबंध नोंद उघडावी, सुरू करण्याची आज्ञा दिली त्या क्षणापासून खालीं वाचीत यावें, आणि पहिली तक्रार कोणती तें पाहावें. वर्गांत मारामारी झाली तर शेवटीं कोण रडत होता यापेक्षां आधीं काय घडलें, हें मास्तर विचारतो ना? माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तरीही त्या ओळी मला कळतात.

तक्रारी बहुधा ठराविक असतात. ५४३२ क्रमांकाचें पोर्ट, म्हणजे मागणी घेण्याची खिडकी, दुसऱ्यानें अडविलेली असते. पुष्कळदां जुनाच सर्व्हर अर्धवट जिवंत राहिलेला असतो. कधीं नियमांच्या फाइलींत एखादें अक्षर चुकलेलें असतें. तेव्हां दैनंदिनी ओळीचा क्रमांकही सांगते. माहितीचें फोल्डर कोणीं सर्वांस खुलें करून ठेविलें, तर पोस्टग्रेस मुद्दाम उठत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

आमच्या सर्व्हरची तक्रार निराळी होती: डिस्कवर जागा उरली नाहीं. मदतीस आलेल्या एका हुशार तरुणानें लगेच एक भलें मोठें फोल्डर शोधून काढलें. त्याचें नांव ‘पीजी-एक्सलॉग’.

“लॉगच आहेत ना, सर? पुसून टाकतों,” तो म्हणाला. मीं त्याचा हात धरला. कारण त्या प्रोग्रॅमची पुस्तिका मीं आधीं चाळली होती.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत, रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार घडतांच रोजकीर्दींत चढे. खतावणींत सवडीनें उतरे. पोस्टग्रेसही तसेंच करतो. बदल आधीं एक्सलॉगांत पक्का लिहितो, मुख्य फाइलींत मागाहून. वीज गेली, यंत्र मध्येंच पडलें, तर उठतांना तो शेवटच्या ताळमेळापासून पुढची रोजकीर्द वाचून खतावणी पुरी करतो. ती वही जाळली तर खतावणीचा भरंवसा संपला. सर्व्हर पुन्हां उठेलच असेंही नाहीं. वाईट असें कीं, त्या काळीं शेजारींच बहुधा ‘पीजी-लॉग’ नांवाचें दुसरें फोल्डर असे, आणि त्यांत खरोखरच वाचून टाकून देण्याजोगी दैनंदिनी असे. एका अक्षराचा फरक! लोक मधूनमधून चुकीचें फोल्डर पुसून कायमचें नुकसान करून घेत. म्हणून २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तींत कर्त्यांनीं पहिल्याचें नांव ‘पीजी-वॉल’ असें बदललें, व दुसऱ्याचें नुसतें ‘लॉग’ केलें. नांवाच्या निवडीनें एवढें घडतें, हें व्याकरण शिकविणाऱ्यास निराळें पटवावें लागत नाहीं.

आम्हीं सर्व्हर बंदच ठेवून प्रथम माहितीचें सबंध फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलें. मग शोध केला, तों पहिल्या डिस्कवर व्याख्यानमालेचें सारें चित्रीकरण कोणीं तरी साठविलेलें! तें हलवितांच जागा झाली. सर्व्हर सुरू केला. दैनंदिनींत रोजकीर्द पुन्हां वाचल्याच्या ओळी उमटल्या, आणि थोड्याच वेळांत खिडकी उघडली. आदल्या सायंकाळीं परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदीही जागच्या जागीं होत्या.

आमची ती ९.६ ही आवृत्ति. तिची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्यें थांबली, म्हणून नवी घेणें प्राप्तच आहे. परंतु नवा प्रोग्रॅम जुनें फोल्डर जसेंच्या तसें उघडीत नाहीं. तोही सुरू व्हावयाचें नाकारतो आणि आवृत्ति जुळत नाहीं असें लिहितो. ‘पीजी-डंप’नें माहिती बाहेर काढून नव्यांत भरावी लागते, किंवा ‘पीजी-अपग्रेड’ वापरावें लागतें. या दोहोंसही जुना प्रोग्रॅम हाताशीं असावा लागतो. तेव्हां तो आधींच काढून टाकूं नये.