प्रचारपटांचा वारसा



युद्ध संपलें म्हणजे तोफा थंडावतात; परंतु युद्धकाळांत कलावंतांच्या हातांना पडलेलें वळण सहसा जात नाहीं. चित्रपटसृष्टींत याचें बोलकें उदाहरण म्हणजे इटलीचा दिग्दर्शक रोबेर्तो रोसेल्लिनी.

१९४१ सालीं, मुसोलिनीच्या राजवटींत, त्यानें नौदलाच्या साहाय्यानें ‘ला नावे बियांका’, म्हणजे ‘शुभ्र नौका’, हा बोलपट तयार केला. कथा जखमी खलाशांची आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णनौकेची. तींतील खलाशी खरे, परिचारिका खऱ्या, युद्धनौकाहि खऱ्या. धंदेवाईक नटांना तेथें स्थान नव्हतें. ही पद्धति नौदलाचा अधिकारी फ्रांचेस्को दे रोबेर्तिस याची. पाणबुडींत अडकलेल्या खलाशांवरील स्वतःच्या चित्रपटांत ती त्यानें आधींच योजिली होती. पुढच्या वर्षीं रोसेल्लिनीनें वैमानिकावर चित्रपट काढला. त्याची कथा मुसोलिनीचा पुत्र व्हित्तोरियो यानें टोपणनांवानें पुरविली होती.

या चित्रपटांतील चेहरे खरे होते, समुद्रहि खरा होता. असत्य दडलें होतें तें वगळलेल्या गोष्टींत. हें युद्ध कोणीं पुकारलें आणि कशासाठीं, हा प्रश्न तेथें कोणीच विचारीत नाहीं.

४ जून १९४४ रोजीं रोम मुक्त झालें. १९४५ च्या आरंभीं त्याच रोसेल्लिनीनें ‘रोम, खुलें शहर’ हा चित्रपट हातीं घेतला. चिनेचित्ताच्या प्रसिद्ध स्टुडिओंत निर्वासितांनीं आसरा घेतला होता. कच्च्या फिल्मचीहि टंचाई होती. आन्ना मान्यानी व आल्दो फाब्रीत्सी हे नामांकित नट आणि त्यांच्याभोंवतीं सामान्य माणसांचे चेहरे, अशी त्यानें योजना केली. खरे रस्ते, अनोळखी चेहरे, बातमीपटासारखें चित्रण हीं सारीं साधनें पूर्वींचींच होतीं. मात्र आतां तीं जुलमाविरुद्ध वापरलीं गेलीं.

तरी एक गोष्ट विसरूं नये. या थोर कृतींतहि दोषाचा बहुतेक भार जर्मनांच्या माथीं आहे. वीस वर्षें चाललेल्या स्वदेशी हुकूमशाहीचा हिशेब तींत फारसा मांडलेला नाहीं. वगळण्याची जुनी संवय पुरती सुटली नव्हती.

या वळणाचे पडसाद दूरवर उमटले. दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा चित्रपट १९५२ सालीं मुंबईंत भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत दाखविण्यांत आला. त्यापासून स्फूर्ति घेऊन बिमल रॉय यांनीं १९५३ सालीं ‘दो बिघा जमीन’ काढला, आणि कलकत्त्याच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारे बलराज साहनी हिंदी प्रेक्षकांच्या मनांत कायमचे घर करून राहिले.

साधन स्वभावतः साधु नसतें व दुष्टहि नसतें. म्हणूनच पडद्यावरील चेहरा खरा वाटला, एवढ्यानें प्रेक्षकाचें समाधान होऊं नये. चित्रपटगृहांतून घरीं परततांना मुलांबाळांसह एक प्रश्न अवश्य विचारावा: यांत काय दाखविलें नाहीं?