एकच चाक का तापतं?

पुढच्या दोन्ही डिस्क नव्या बसवल्या, आणि पंधरा किलोमीटरवर एकाच चाकातून जळका वास! डिस्कला शिव्या देऊ नका. नवी डिस्क जाड असते, म्हणून कॅलिपरचा पिस्टन आत दाबावा लागतो. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेला त्याचा गंजका भाग मग सीलमध्ये अडकतो आणि पॅड सुटतच नाहीत.

ब्रेक थंड झाल्यावर मागच्या चाकांना दगड लावा, जॅक लावून चाक उचला. ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. जड लागतंय? कॅलिपरचा ब्लीड निपल क्षणभर सैल करून पुन्हा आवळा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर ब्रेकचा होज आतून बुजलाय. नाहीच झालं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्यात. पिनांना साधं ग्रीस मात्र नको; रबर फुगतं. इथेच बरेच जण फसतात.

अडकलेल्या ब्रेकची उष्णता ऑइललाही तापवते. डॉट-३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर 140 पर्यंत घसरतो. उकळलं की पेडल पोकळ लागतं. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी खंबाटकीसारख्या घाटात नेऊ नका.